सिद्रामच्या नावाचं पान

माणसानं स्वतःचं नाव किती वेळा सांगितलं म्हणजे तो आहे असं तुम्ही धराल? एकदा? तीनदा? बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, शिक्षण, उंची, अंगावरची खूण, एवढं सगळं सांगून झाल्यावरही समोरचा साहेब मान वर न करता "बाहेर बसा" म्हणाला, तर तुम्ही किती दिवस बाहेर बसाल? सांगा की. निपाणीचा सिद्राम भरमू घस्ते अजून बसलाय.

निपाणीत तंबाखूच्या वखारींच्या मागच्या अंगाला एक गल्ली आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही. का, ते शेवटी कळेल. या गल्लीत नवा माणूस शिरला की आधी शिंकतो. गल्लीतली माणसं शिंकत नाहीत. त्यांच्या कपड्यात तंबाखू, केसात तंबाखू, भाकरीच्या पिठात तंबाखू. त्यांच्या नाकानं भांडण कधीच सोडून दिलंय. सिद्रामचा बाप भरमू वखारीत तंबाखूची बोदं पाठीवर वाहायचा आणि खोकून खोकून वारला. आई गंगव्वा तिथंच तंबाखू चाळायची. चाळणीवर वाकून वाकून तिनं पोराला बी.कॉम. केलं. गल्लीतला पहिला पदवीवाला. निकालाच्या दिवशी विहारात वंदना झाली, आणि गंगव्वा वखारीतल्या मुकादमाला मुद्दाम गूळ देऊन आली. गूळ देताना ती हसली नाही. त्याच्याकडं नुसतं बघितलं.

पण पदवी मिळाली म्हणून सिद्राम हात बांधून बसणारा नव्हता. वखारीतल्या बायकांनी संप केला तेव्हा मागण्यांचा कागद त्यानंच लिहिला आणि मोर्चात पुढच्या रांगेत चालला. कुठून तरी दगड आले. कुठून आले ते आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही, पण नावं लिहून घेतली ती मोर्चातल्यांची. पुढं कितीतरी महिने गल्लीत अनोळखी माणसं फिरायला लागली. पायात बूट, काखेत कातडी पिशवी, तोंडात कन्नड. गल्लीला कन्नड येत नाही असं नाही. बाजारात, दवाखान्यात, कचेरीत सगळे बोलतात, भांडतातसुद्धा. पण दारात उभं राहून कुणी कन्नडात नाव विचारलं, की ते सरकार, आणि सरकार दारात आलं की घरातलं माणूस जातं, एवढा हिशोब गल्लीनं बांधून ठेवला होता.

शेजारच्या कोंडाबाईच्या नागोजीला शोधत असाच एक जण आला, तेव्हा तिनं दारातच बसकण मारली, कपाळ बडवून घेतलं आणि सांगितलं की नागोजी तापानं मेला, गोकाककडं पाहुण्यांत गेला होता, तिथंच माती झाली. नागोजी त्या वेळी माळ्यावर वाकळ पांघरून पडला होता. तो माणूस टोपी काढून दोन पळं उभा राहिला आणि गेला, तो परत फिरकला नाही. झालं. गल्लीला कायदा मिळाला. कुणी विचारत आलं की आधी सांगायचं, असला माणूस इथं राहत नाही. आणि तरीही तो हटला नाही, तर सांगायचं, मेला. जित्या पोराला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं, असं कोंडाबाई वर समजावायची. या कायद्यानं गल्लीतली चार-पाच पोरं वाचली. मी त्याला नावं ठेवणार नाही. ज्यांच्या दारात पिशवीवाला कधी आला नाही, त्यांनीही ठेवू नयेत.

एकोणऐंशी सालात बेळगावच्या एका कंपनीची जाहिरात आली. यंत्रांचे सुटे भाग करणारी मोठी कंपनी, मुख्य कचेरी मुंबईला. जागा काय, तर गोदामातला मदतनीस कारकून. सिद्रामनं अर्ज केला आणि बोलावणं आलं. गंगव्वानं त्या दिवशी एकच गोष्ट ठरवली: या पोराचं नाव चाळणीला लागू द्यायचं नाही. तिला मोठा पगार नको होता, साहेबी नको होती. पोराच्या अंगाला तंबाखूचा वास येऊ नये, एवढंच हवं होतं.

म्हणून मुलाखतीचा शर्ट घरात ठेवायचा नाही असं ठरलं. अकोळच्या रस्त्याला, वखारींचा वारा पोचत नाही अशा जागी शामू शिंप्याचं दुकान होतं. पांढरा शर्ट आणि काळी पँट त्याच्या दुकानात खुंटीला. सिद्राम पहाटे घरातून जुन्या कपड्यात निघायचा, शामूच्या हौदावर साबण लावून अंघोळ करायचा, कपडे बदलायचा आणि तिथूनच बेळगावची गाडी धरायचा. शामू म्हणायचा, "नवरदेवाला बी एवढं जपत न्हाईत गड्या. लागली नोकरी तर शिलाई माफ, न्हाय लागली तर शर्ट माझा."

तवंदीचा घाट चढताना सिद्राम मनात स्वतःची माहिती म्हणायचा. संकेश्वर येईपर्यंत घरचं, हत्तरगीपर्यंत शिक्षणाचं, काकतीच्या पुढं इंग्रजीतलं. ओठ हलायचे. शेजारचा उतारू सरकून बसायचा.

पहिल्या फेऱ्यात पेपर होता. एका शाळेच्या हॉलमध्ये शेकड्यांनी पोरं. दुसऱ्या फेऱ्याला त्यातली थोडी उरली आणि त्यांना गोलात बसवून आपसात बोलायला सांगितलं. विषय दिला, कामगारांची शिस्त. एक साहेब भिंतीशी पेन्सिल घेऊन बसला, काही न बोलता. सिद्रामला या विषयावर चार तास बोलता आलं असतं, आणि वखारीच्या दारात तो बोललाही होता. इथं तो म्हणाला, शिस्त असेल तर प्रगती होते. पेन्सिल हलली. तो शब्द तोंडातून बाहेर पडला तसा त्याला आईचा वाकलेला पाठीचा कणा दिसला, आणि परतीच्या गाडीत सबंध वाटभर ते वाक्य कुणीतरी मागच्या बाकावरून म्हणतंय असं वाटत राहिलं. मागं वळून बघितलं तर बाक रिकामा होता.

याच गोलात मारुतीराव भेटला. सांबऱ्याचा, शेतकऱ्याचा पोरगा, विमानतळाच्या कडेला त्यांचं रान. अंगानं दणकट, बोलायला मोकळा. तिसऱ्या फेऱ्याला दोघं व्हरांड्यात शेजारी बसले होते तेव्हा तो म्हणाला, "आमच्या आक्काला बघाय आलते, पोहं खाऊन, दोन तासांत व्हय म्हणून गेले. ही कंपनी काय सात जन्माची गाठ बांधायलीया व्हय आमच्यासंगं?"

आत तीन साहेब होते. त्यातला एक सिद्राम बसताच शिंकला. मग दुसरा. एवढी आंघोळ, एवढा साबण, तरी वास कुठं लपला होता कोण जाणे. साहेबानं रुमाल नाकाला लावूनच विचारलं, वडील काय करत होते. मग आडनाव पुन्हा विचारलं. मग हे आडनाव कोणत्या लोकांत असतं ते विचारलं. सिद्रामनं सांगितलं. रुमाल नाकावरून निघाला नाही. हा कसला प्रश्न आणि गोदामातल्या नटबोल्टांशी त्याचं नातं काय, हे विचारण्याची सोय तिथं नव्हती. "बाहेर बसा."

चौथ्या फेऱ्याला कामाची चाचणी. गोदामात सोडलं आणि दिवसभर फळ्यांवरचा माल उतरवून, मोजून, पुन्हा लावायला सांगितलं. दुपारी मारुतीरावाच्या लक्षात आलं की हे कंपनीचं वर्षाचं मोजदादीचं काम आहे, आणि ते उमेदवारांकडून फुकटात करून घेतलं जातंय. कळूनही दोघांनी निमूटपणे फळ्या लावल्या. हीच तर गंमत आहे. मजुराला अर्धा दिवस फुकट राबवा, तो कोयता उगारील. सुशिक्षिताला आशा दाखवा, तो थँक्यू म्हणेल. पाचव्या फेऱ्याला डॉक्टर. त्यानं दात बघितले, डोळे बघितले, छाती ठोकली आणि वडिलांना खोकला होता का ते विचारलं. सिद्राम नाही म्हणाला. बापाचा खोकला त्यानं पहिल्यांदाच नाकारला होता. त्या दिवशी डॉक्टरच्या पायऱ्या उतरताना त्याला स्वतःलाच उबळ आली.

सहाव्या फेऱ्याला मुंबईचा मोठा साहेब यायचा होता. दिवसभर सगळे तिष्ठले. संध्याकाळी शिपायानं सांगितलं की वाटेतच गाडी अडकली, उद्या या. निपाणीला जाऊन पहाटे परत येणं जमणार नव्हतं. मारुतीराव म्हणाला, "चल आमच्याकडं." सिद्राम नको म्हणत होता, त्याला पुढचं माहीत होतं. तरी गेला.

सांबऱ्यात मारुतीरावाच्या आईनं, मालुबाईनं, पोराचा दोस्त म्हणून हसून या म्हटलं. मग आडनाव विचारलं. मग ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात केळीचं पान होतं. घरातल्या ताटांची चळत चुलीशी दिसत होती; पान सोप्यात, उंबऱ्याच्या बाहेर मांडलं गेलं. वाईट बोलली नाही, हात आखडला नाही, भात-आमटी पोटभर वाढली, पण वरून, अंतर ठेवून. मारुतीरावचं तोंड उतरलं. तो आत गेला, दुसरं पान घेऊन आला आणि सिद्रामच्या शेजारी सोप्यात बसून जेवला. हे सिद्राम विसरला नाही. पानही नाही आणि शेजारचं पानही नाही.

दुसऱ्या दिवशी मोठा साहेब भेटला. चांगला माणूस वाटला. रुमाल काढला नाही, आडनाव विचारलं नाही. शेवटी म्हणाला, दहा वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता? हा प्रश्न गल्लीत कुणी कुणाला विचारला नव्हता. तिथं उद्याचं विचारतात. सिद्राम म्हणाला, "इथंच, सर." साहेब मनापासून हसला, उठून हात मिळवला. बाहेर कारकुनानं एक छापील चिठ्ठी दिली: निकाल टपालानं कळवला जाईल, उमेदवारानं स्वतः येऊन चौकशी केल्यास त्याची उमेदवारी रद्द समजली जाईल.

त्या संध्याकाळी सिद्राम घरी आला तो हवेत तरंगतच. साहेबानं हात मिळवला, असं त्यानं आईला सांगितलं. गंगव्वानं तो हात उलटासुलटा करून बघितला.

पुढं आठवडाभरानं असेल, सिद्राम अकोळला कुणाच्या तरी कामाला गेला होता. परतला तर गल्लीच्या तोंडाशीच कोंडाबाईनं अडवलं आणि म्हणाली, आईला भेट आधी, लई मोठं काम केलंय तिनं. घरात बायका जमल्या होत्या आणि गंगव्वा मधोमध बसून सांगत होती. सकाळी पिशवीवाला आला होता. नळावर कन्नडात सिद्रामचं नाव विचारलं. कोंडाबाई म्हणाली असला माणूस इथं नाही. दुसरी म्हणाली नाही, तिसरी म्हणाली नाही. पण हा पक्का निघाला. शिंकत शिंकत एकेक दार करत नेमका गंगव्वाच्या दारात येऊन उभा राहिला. सिद्रामचं नाव, बापाचं नाव, कॉलेज, सगळं त्याला ठाऊक.

"काय काय इचारलं म्हाईताय?" गंगव्वा म्हणाली. "पोरगा मोर्च्यात जातो का. संघटनेत नाव हाय का. कुणाकुणासंगं उठबस. कुठली केस हाय का अंगावर. म्या वळखलं, हे आता सोडत न्हाय. म्हटलं, सत्त होग्यान्री. मेला माझा पोरगा. दोन दिस बी न्हाय झालं."

"आणि मी कशानं मेलो?" सिद्रामनं विचारलं.

"काविळीनं. ताप कोंडीनं वापरलाय आधीच. सारखंच सांगून कसं चालंल?"

सगळ्या बायका हसल्या, सिद्रामही हसला. माणूस टोपी काढून उभा राहिला, त्याच्या डोळ्यात पाणी आलं, असंही गंगव्वानं सांगितलं, आणि एवढ्या मऊ काळजाचा पोलीस तिनं जन्मात बघितला नव्हता. मग सगळ्या गेल्यावर तिनं सिद्रामच्या तोंडावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली की सांगताना जिभेवर कडू आलं, अजून जात नाही.

कंपनीचं पत्र आलं नाही. महिना गेला, पावसाळा गेला, वर्ष गेलं. टपालवाला मष्णू गल्लीच्या तोंडाशी सायकलवरूनच मान हलवायचा; पुढं पुढं तो तोंडच फिरवून जायला लागला. सिद्राम जाऊन विचारू शकत नव्हता. विचारलं की उमेदवारी रद्द, असं छापलेलं होतं. काय सोय बघा. माणसाला खुंटीला टांगायचं आणि वर बजावायचं, हललास तर पडशील. तो पोरांच्या शिकवण्या घेई, दुकानांचे पत्रव्यवहार लिहून देई, पण कुठलंही पक्कं काम धरेना, कारण उद्या बोलावणं आलं तर? गल्लीनं त्याला नाव ठेवलं, कळवू. "काय कळवूसाहेब, कळवलं का?" दाढी करताना तो आरशाशी बोलायचा, फादर्स नेम भरमू, सर. रस्त्यात कुणी "घस्ते" म्हणून हाक मारली की अंगातून कळ गेल्यासारखा ताठ उभा राहायचा.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती त्यानं कुणाला सांगितली नव्हती. दर साली भाद्रपदात, एका दुपारी, त्याला भूक लागायची नाही. सकाळपासून काही खाल्लेलं नसायचं आणि तरी पोट भरलेलं, तोंडात भोपळ्याच्या भाजीची चव. गंगव्वा ताट घेऊन बसायची आणि तो म्हणायचा, जेवलोय मी. "कुठं जेवलास?" ती विचारायची, आणि तो ताट मागं सरकवायचा. शामूही एकदा म्हणाला की दुकानातला तो पांढरा शर्ट वारा नसताना हलतो. शामू थट्टेखोर माणूस, पण हे सांगताना तो हसला नाही.

त्र्याऐंशीत वयाची अट संपत आली तेव्हा सिद्राम उठला. रद्द तर रद्द. शामूकडून शर्ट उतरवला. तो खांद्यावर विरला होता. बेळगावला कंपनीच्या फाटकासमोर तो पाळी सुटायच्या वेळी जाऊन उभा राहिला. खाकी कपड्यातली माणसं बाहेर पडत होती. त्यात मारुतीराव होता. सिद्रामनं हात वर केला.

मारुतीराव जागच्या जागी थिजला. त्याचा डबा खाली पडला, तो उचलायचं त्याला सुचलं नाही. त्यानं आधी सिद्रामच्या तोंडाकडं बघितलं नाही, पायांकडं बघितलं. पावलं सरळ आहेत का उलटी, ते. मग हळूहळू वर बघत आला आणि पुटपुटला, "तू मेलाईस की गड्या."

चहाच्या गाड्यावर बसल्यावर सगळं निघालं. सातवा फेरा होता. तो उमेदवारांना सांगत नसत. कंपनीचा माणूस न कळवता घरी जाऊन चौकशी करून येई, पोरगा चळवळ्या तर नाही ना, संघटनेतला तर नाही ना. त्या वेळी कल्लाप्पा नावाचा कारकून पाठवला होता, बैलहोंगलकडचा, घरी कन्नड बोलणारा, साधा माणूस. निपाणीहून तो रडवेला होऊन आला. म्हणाला, काल-परवाच गेलं पोरगं, आई दारात बसली होती, तिला पुढचं काही विचारवलं नाही. निवड सिद्रामची झाली होती. त्याच्या खाली मारुतीरावाचं नाव होतं.

"तुझ्या जागेवर बसलोय मी," मारुतीराव म्हणाला. "तवापासनं घास गोड लागला न्हाय बघ. आईला सांगितलं. आई म्हणाली, मेलेल्या माणसाची भाकर खायाची तर त्याला इचारून खा. दर साली भाद्रपदात महाळाला, पितरांच्या जेवणाला, तुझ्या नावानं पान वाढतोय आम्ही. तुमच्यात असलं मानत न्हाईत ते ठाव हाय मला. पण आमचा जीव ऱ्हाईना."

सिद्रामनं चहाचा कप बशीत फिरवला. मग त्यानं विचारलं, "पान कुठं वाढता? सोप्यात?"

"न्हाय," मारुतीराव मान खाली घालून म्हणाला. "घरात. मधल्या खोलीत. आईच वाढती. तुझं पान वाढल्याबिगर घरात कुणी जेवत न्हाय."

"भोपळ्याची भाजी असती त्यात?"

"व्हय. तुला कसं कळलं?"

सिद्रामनं कप खाली ठेवला. जिता होता तेव्हा उंबऱ्याच्या बाहेर, आणि मेला तेव्हा घरात, सगळ्यांच्या आधी. त्याला हसू येत होतं, आणि ते आलं असतं तर थांबलं नसतं. त्यानं आणखी एक विचारलं, मोठा साहेब काय म्हणाला. मारुतीरावनं सांगितलं की साहेबाला कळवलं तेव्हा तो खुर्चीतून उठला आणि म्हणाला, सगळ्यांत चांगला मुलगा होता. सहा फेऱ्यांत सिद्रामला एकानंही चांगलं म्हटलं नव्हतं. चांगला ठरला तो काविळीनं मेल्यावर.

मारुतीराव उठला. म्हणाला, चल आत, आत्ता जाऊ, साहेबाला दाखवू तुला, मी जागा सोडतो. बोलणं खरं होतं. पण हात टेबलाची कड धरून होता. त्याचं लग्न झालं होतं, घरात तान्हं होतं. सिद्रामनं तो हात बघितला. त्यानं पुढचंही बघितलं, कारण तो गल्लीत वाढलेला होता, कॉलेजात नव्हे. आत गेलं की पहिला प्रश्न येणार, आईनं खोटं का सांगितलं. त्याचं खरं उत्तर एकच, पोरगा मोर्चात होता. आणि तेच तर शोधायला सातवा फेरा होता. मेलेला सिद्राम कंपनीला चालत होता. जिता त्यांना कधीच चालला नसता. आईनं काहीही सांगितलं असतं तरी.

"बस खाली," तो म्हणाला. "चहा निवला."

निघताना मारुतीरावनं विचारलं, आता पान बंद करू का. सिद्राम म्हणाला, "तुझ्या आईला इचार. मी हाय असं सांग, आणि इचार, आता कुठं वाढणार."

गल्लीत शिरला तर नळावर गंगव्वा उभी होती. कुणाच्या तरी घरात नवी सून आली होती आणि गंगव्वा तिला ती गोष्ट सांगत होती: पिशवीवाला कसा आला, कसा शिंकला, तिनं त्याला कसं परतवलं. चार वर्षांत या गोष्टीला धार आली होती. वाकलेली बाई ती सांगताना ताठ व्हायची. जन्मभर मुकादमापुढं, मालकापुढं मान खाली घातलेली ही बाई एकदाच कुणासमोर उभी राहिली होती आणि जिंकली होती. सिद्रामला बघून तिनं हाक मारली, "हे बघ, ह्यो माझा मेलेला ल्योक. व्हय का न्हाय रं?"

सिद्राम थांबला. विरलेला शर्ट अजून अंगावर होता. सगळं सांगून टाकायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य दातांपर्यंत आलंही होतं. त्यानं आईच्या ताठ पाठीकडं बघितलं.

"व्हय आये," तो म्हणाला. "तुझ्यामुळं वाचलो."

रात्री ताट वाढताना तिनं विचारलं, कंपनीत गेलता न्हवं, काय म्हणाले. त्यानं सांगितलं, कळवतो म्हणालेत.

आता अठ्ठ्याऐंशी चालू आहे. सिद्राम वखारीतल्या बायकांच्या संघटनेचं काम बघतो आणि रोज संध्याकाळी विहारात पोरांना मुलाखतीची तयारी करून देतो. पण ज्या घरातलं पोरगं कुठं अर्ज करतं, त्या घरी तो आधी जातो आणि घरातल्या बाईला चूल पेटवता पेटवता हळू सांगतो, की पिशवीवाला आला तर आधी विचार, कुठनं आला. का सांगतो ते त्या बाईला कळतं. असं करत करत गंगव्वा सोडून अख्ख्या गल्लीला कळलंय. आणि गल्लीनं आपला जुनाच कायदा पुन्हा लावलाय. कुणी विचारलं, गंगव्वानं परतवला तो माणूस कोण होता, तर सगळे सांगतात, पोलीस. कोंडाबाई तर शपथेवर सांगते.

मारुतीरावचा निरोप आला नाही. पान अजून वाढतात का, कुठं वाढतात, ठाऊक नाही. भाद्रपदातल्या त्या एका दुपारी सिद्रामला अजून भूक लागत नाही. तेव्हा तो आईच्या समोर बसून जबरदस्तीनं दोन घास गिळतो, ती बघत असते म्हणून.

गंगव्वाला वाचता येत नाही, म्हणून हे लिहिलं; आणि हे वाचून कुणी तिच्या दारात खरं सांगायला जाऊ नये, म्हणून गल्लीचं नाव लिहिलं नाही. तुम्हाला येतं. तेव्हा कधी निपाणीत उतरलात, वखारींच्या मागं शिंकत शिंकत एखाद्या गल्लीत शिरलात, आणि नळाशी बसलेली एक वाकलेली म्हातारी तुम्हाला थांबवून सांगायला लागली, की तिनं एकदा पोराला पोलिसांच्या तोंडातून कसं काढलं, तर घाई करू नका. पिशवी काखेत असेल तर ती खाली ठेवा. पुरतं ऐका. आणि तिनं शेवटी विचारलं, व्हय का न्हाय, तर एवढं करा: व्हय म्हणा.